उत्प्रेरकाची यंत्रणा कशी शोधावी : नव्या अभ्यासकांसाठी पायरीपायरीने

चेंबूरहून माहुलकडे जाताना जे तेलशुद्धीकरण कारखाने दिसतात, तिथे जड तेलाचे मोठे रेणू झिओलाइट या सूक्ष्म छिद्रांच्या खनिजाच्या भुकटीवर तुटून पेट्रोलच्या आकाराचे होतात. आणि तिथून जवळच ट्रॉम्बेच्या खत कारखान्यात नायट्रोजन व हायड्रोजन यांचा अमोनिया लोखंडावर आधारित उत्प्रेरकाच्या मदतीने बनतो. म्हणजे मुंबईत रसायनशास्त्र शिकणारा विद्यार्थी या विषयाच्या अगदी शेजारी राहतो. तरीही एमएस्सीला येईपर्यंत त्याच्याजवळ बहुधा एक व्याख्याच असते : उत्प्रेरक अभिक्रियेचा दर वाढवतो आणि स्वतः शेवटी जसाच्या तसा उरतो. व्याख्या बरोबर आहे, पण ती घेऊन प्रयोगशाळेत उभे राहिल्यावर पुढे काय करायचे हे तिच्यातून कळत नाही. ज्यांना पहिल्यांदाच एखाद्या उत्प्रेरकी अभिक्रियेची यंत्रणा, म्हणजे ती प्रत्यक्षात कोणकोणत्या टप्प्यांतून घडते ते, शोधायचे काम मिळाले आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनाशी पक्की करावी, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या तिच्यावर उभ्या आहेत. यंत्रणा सिद्ध करता येत नाही. चुकीच्या यंत्रणा एकेक करून बाद करता येतात आणि जी उरते ती तूर्त मान्य करायची असते. त्यामुळे चांगला प्रयोग म्हणजे आपल्या लाडक्या कल्पनेशी जुळणारा प्रयोग नव्हे, तर दोन कल्पनांची भाकिते जिथे वेगळी पडतात तिथे नेमके बोट ठेवणारा प्रयोग.

पहिली पायरी : उत्प्रेरक काय करत नाही, ते आधी समजून घ्यावे

उत्प्रेरक सक्रियण ऊर्जा, म्हणजे अभिक्रिया घडण्यासाठी ओलांडावा लागणारा ऊर्जेचा अडथळा, कमी करतो असे आपण सर्रास म्हणतो. अधिक नेमके बोलायचे तर तो अभिक्रियेला वेगळाच मार्ग उपलब्ध करून देतो. या मार्गात टप्पे अधिक असू शकतात, मधली संयुगेही वेगळी असतात, पण त्यातला सर्वांत उंच अडथळा मूळ अडथळ्यापेक्षा ठेंगणा असतो. जुना मार्ग बंद होत नाही. तो चालूच राहतो, फक्त त्याचा वाटा नगण्य होतो.

हायड्रोजन पेरॉक्साइडचे पाणी आणि ऑक्सिजन यांत विघटन होते, त्याचे आकडे पाहू. उत्प्रेरकाशिवाय या विघटनाची सक्रियण ऊर्जा मोलमागे सुमारे ७५ किलोजूल मानली जाते, तर आयोडाइड आयनाच्या सान्निध्यात ती सुमारे ५६ होते. फरक अवघा १९ किलोजूलांचा दिसतो. पण १८८९ मध्ये अऱ्हेनिअस यांनी मांडलेल्या समीकरणात ही ऊर्जा घातांकात बसते, म्हणून बाकी सारे सारखे धरले तर ३०० केल्व्हिनला एवढ्याशा फरकाने दर सुमारे दोन हजार पटींनी वाढतो. ही आकडेमोड प्रत्येकाने एकदा स्वतःच्या हाताने करून पाहावी, असा माझा आग्रह आहे. घातांकाचा हा स्वभाव अंगवळणी पडला की पुढे अनेक ठिकाणी फसगत टळते.

उत्प्रेरक समतोल बदलत नाही, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. अमोनियाची निर्मिती उष्मादायी असल्याने कमी तापमानाला समतोल अमोनियाच्या बाजूने झुकतो, पण कमी तापमानाला अभिक्रिया जवळजवळ ठप्प असते. लोखंड समतोलाला हात लावत नाही. ते ४०० ते ५०० अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात अभिक्रिया चालण्याजोगी करते आणि त्या तापमानाला समतोल जेवढे देऊ शकतो तेवढे पदरात पडते. तुमच्या मोजमापात उत्प्रेरकामुळे समतोलाच्या पलीकडे उत्पादित मिळाल्याचे दिसले, तर उत्प्रेरकाचा गौरव करण्याआधी मोजमाप तपासावे.

दुसरी पायरी : कोरे प्रयोग

यंत्रणेचा विचार सुरू करण्याआधी आपण ज्याला उत्प्रेरक म्हणतो आहोत तोच काम करतो आहे ना, याची खात्री करावी लागते. उत्प्रेरक न घालता एक प्रयोग, धातूशिवाय नुसत्या आधारद्रव्यावर (ज्या घनावर धातू पसरलेला असतो त्यावर) एक, फक्त धातूचा क्षार घालून एक, आणि शक्य असल्यास काचेचे नवे भांडे व नवा ढवळकांब वापरून एक, असे चार कोरे प्रयोग तरी करावेत. मॅग्नेटिक स्टररचे वापरलेले ढवळकांब कितीही घासले तरी त्यांच्या पांढऱ्या आवरणात धातूचे सूक्ष्म कण अडकून राहतात आणि पुढच्या प्रयोगात तेच काम करू शकतात.

हा धोका किती खरा आहे हे सुझुकी जोडणीच्या, म्हणजे एरवी पॅलेडिअम धातूच्या मदतीने दोन कार्बनी तुकडे जोडणाऱ्या अभिक्रियेच्या, एका गाजलेल्या प्रकरणातून दिसते. कुठलाही संक्रमण धातू न घालता ही जोडणी होते, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे त्याच गटाने चिकाटीने शोध घेतला आणि २००५ मध्ये स्वतःच जाहीर केले की वापरलेल्या सोडिअम कार्बोनेटमध्ये अब्जांशात ५० इतक्या सूक्ष्म प्रमाणात पॅलेडिअम होते आणि तेवढे पुरेसे ठरले होते. आपलाच निष्कर्ष तपासून तो दुरुस्त करणाऱ्या त्या संशोधकांबद्दल मला मनापासून आदर आहे. कोऱ्या प्रयोगाची किंमत यापेक्षा चांगल्या रीतीने सांगता येणार नाही.

तिसरी पायरी : किमान दोन प्रतिस्पर्धी यंत्रणा कागदावर मांडाव्यात

ही पायरी प्रयोगाच्या आधीची आहे, आणि नवे अभ्यासक हीच गाळतात. पेरॉक्साइड आणि आयोडाइडचेच उदाहरण घेऊ. पहिल्या टप्प्यात पेरॉक्साइडचा रेणू आयोडाइडला ऑक्सिजनचा अणू देतो आणि हायपोआयोडाइट आयन व पाणी तयार होते. दुसऱ्या टप्प्यात हा हायपोआयोडाइट पेरॉक्साइडच्या आणखी एका रेणूशी अभिक्रिया करून ऑक्सिजन व पाणी देतो आणि आयोडाइड परत मिळतो. चक्र पूर्ण झाले. प्रश्न एवढाच की यातला सावकाश टप्पा, म्हणजे एकूण दर ठरवणारा टप्पा, कोणता?

पहिली शक्यता अशी की पहिला टप्पा सावकाश आहे. तसे असल्यास दर पेरॉक्साइडच्या संहतीच्या (द्रावणातील प्रमाणाच्या) सम प्रमाणात आणि आयोडाइडच्याही सम प्रमाणात असेल. दुसरी शक्यता अशी की पहिला टप्पा झटपट पुढे-मागे होत समतोलात राहतो, हायपोआयोडाइट अगदी थोडे असते, आणि दुसरा टप्पा सावकाश आहे. मग दर आयोडाइडच्या सम प्रमाणातच राहील, पण पेरॉक्साइडच्या वर्गाच्या प्रमाणात वाढेल. इथे थांबून विचार करावा. आयोडाइडची संहती बदलून कितीही प्रयोग केले तरी या दोन यंत्रणांचा निवाडा होणार नाही, कारण तिथे दोघींचे भाकीत एकच आहे. पेरॉक्साइड दुप्पट करावे लागेल : दर दुप्पट झाला तर पहिली, चौपट झाला तर दुसरी. कागदावर दहा मिनिटे घालवली की प्रयोगशाळेतला आठवडा वाचतो तो असा.

प्रत्यक्षात दर दुप्पट होतो. दुसरी शक्यता बाद होते. पण पहिली अजून सिद्ध झालेली नाही. तिसरीही शक्यता आहे : पहिला टप्पा अतिशय जलद आणि एकाच दिशेने जाणारा असेल, तर सगळा आयोडाइड हायपोआयोडाइटच्या रूपात बसून राहील, दुसरा टप्पा सावकाश असेल, आणि तरीही दर पेरॉक्साइडच्या व घातलेल्या आयोडाइडच्या सम प्रमाणातच येईल. म्हणजे दराचे समीकरण तंतोतंत पहिल्या यंत्रणेसारखे. दर मोजून हा पेच सुटत नाही; द्रावणातले बहुतांश आयोडीन कोणत्या रूपात आहे, हे स्वतंत्र मार्गाने पाहावे लागते. बाकी पुराव्यांवरून आयोडाइडच प्रबळ असल्याचे मानले जाते आणि म्हणून पहिली यंत्रणा ग्राह्य धरली जाते. दराचे समीकरण जुळले की यंत्रणा सापडली असे समजणाऱ्यांनी हे उदाहरण पुन्हा एकदा सावकाश वाचावे.

चौथी पायरी : दर मोजणे

हा प्रयोग कोणत्याही महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत शिक्षकांच्या देखरेखीखाली करता येतो, म्हणून तो तपशीलाने सांगतो. औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या पेरॉक्साइडच्या बाटलीवरच्या आकड्यावर विसंबू नये. बाटली जुनी असेल तर तीव्रता उतरलेली असते, म्हणून पोटॅशिअम परमँगनेटचे अनुमापन करून खरी संहती काढावी. गॉगल आणि हातमोजे आवश्यक आहेत. ३० टक्क्यांचे पेरॉक्साइड त्वचा भाजते, ते नवख्यांनी हाताळू नये. आणि वायू निघणारे भांडे कधीही घट्ट बंद करू नये.

शंकूपात्रात एकूण २० मिलिलिटर द्रावण घ्यावे, त्यात पेरॉक्साइडचे प्रमाण १ टक्का आणि पोटॅशिअम आयोडाइडचे ०.०२ ते ०.१ मोलर यांदरम्यान ठेवावे. रबरी नळीने वायू पाण्यावर उपड्या धरलेल्या मोजपात्रात किंवा वायूच्या सिरिंजमध्ये गोळा करावा. सगळे पेरॉक्साइड विघटित झाले तर मुंबईच्या ३० अंशांच्या आसपासच्या तापमानाला साधारण ७५ मिलिलिटर वायू जमतो. पाण्यावर गोळा केलेल्या वायूत बाष्पही असते. ३० अंशांना पाण्याचा बाष्पदाब सुमारे ३२ मिलिमीटर पारा असल्याने वाचलेल्या आकारमानात चार टक्के वाटा त्याचा असतो, तो वजा करावा.

पहिल्या काही सेकंदांत मोजपात्रात जवळजवळ काहीच जमत नाही. पुष्कळ विद्यार्थी याला उत्प्रेरक जागा होण्याचा काळ समजतात. तो तसा असू शकतो, पण इथे कारण साधे आहे : सुरुवातीचा ऑक्सिजन द्रावणात विरघळून राहतो, अतिसंपृक्त होतो आणि मगच बुडबुडे सुटतात. जोरात ढवळले की हा काळ आखडतो. ढवळण्याने बदलणारा विलंब रसायनाचा नसतो, हे इथेच शिकून घ्यावे. द्रावणाला फिकट पिवळी झाक आली तर थोडे आयोडाइड ऑक्सिडीकरण होऊन आयोडीन बनते आहे, असे समजावे. द्रावण आम्लधर्मी असेल तर ही उप-अभिक्रिया वाढते आणि तुमचे दर बिघडवते.

तापमानाची शिस्त सर्वांत कठोर ठेवावी. वातानुकूलित खोलीत २५ अंशांना केलेला प्रयोग आणि पंखा असलेल्या खोलीत मे महिन्याच्या दुपारी ३२ अंशांना केलेला प्रयोग यांच्या दरांत दीड पटीहून अधिक फरक पडतो. शिवाय विघटन उष्मादायी आहे. ३ टक्क्यांचे द्रावण उष्णता बाहेर न जाता पूर्ण विघटित झाले तर ते सुमारे २० अंशांनी तापते, १ टक्क्याचे सहा-सात अंशांनी. म्हणून शंकूपात्र पाण्याच्या मोठ्या टाकीत बुडवून ठेवावे, तापमापी टाकीत नव्हे तर द्रावणात धरावा आणि दर काढताना फक्त पहिल्या दहा टक्के रूपांतराची वाचने घ्यावीत. आयोडाइडची संहती बदलताना पोटॅशिअम नायट्रेट घालून एकूण आयनांची तीव्रता सारखी राखावी.

हे जमले की पुढचे तंत्र शिकावे : केवळ सुरुवातीच्या दरावर न थांबता संपूर्ण अभिक्रियेचा वक्र वापरणे. रसायनशास्त्रज्ञ डोना ब्लॅकमंड यांनी २००५ मध्ये मांडलेल्या पद्धतीत दोन प्रयोग असे आखतात की एकाची सुरुवात दुसऱ्याच्या मध्यावरच्या संहतींपासून होते. दोन्ही वक्र एकमेकांवर बसले तर उत्प्रेरक शाबूत आहे. बसले नाहीत तर तो वाटेत मरतो आहे किंवा उत्पादित त्याला अडवते आहे. थोडेसे उत्पादित मुद्दाम सुरुवातीलाच घालून तिसरा प्रयोग केला की यांतले कोणते खरे, हेही कळते.

पाचवी पायरी : मोजतो ते रसायन की वाहतूक?

उत्प्रेरक घन असेल तर ही पायरी टाळताच येत नाही. अभिक्रियाकारक द्रावणातून कणाच्या पृष्ठभागापर्यंत, तिथून छिद्रांतून आत, आणि मग क्रियाशील केंद्रापर्यंत पोचावा लागतो. या प्रवासाला अभिक्रियेपेक्षा जास्त वेळ लागत असेल तर तुम्ही मोजलेला दर प्रवासाचा आहे. ढवळण्याचा वेग वाढवून दर वाढतो का पाहावे. कण दळून बारीक करून दर वाढतो का पाहावे. सक्रियण ऊर्जा अपेक्षेच्या निम्मी आली तर छिद्रांतील विसरण आडवे आले असण्याची शक्यता मोठी, आणि मोलमागे दहा-वीस किलोजूल एवढीच आली तर बहुधा द्रावणातली वाहतूकच मोजली जाते आहे.

वाहतूक आणि अभिक्रिया यांच्या या गुंतागुंतीवर जगाने दखल घ्यावी असे काम माटुंग्यात झाले आहे. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून सुरू झालेल्या आणि आज रसायन तंत्रज्ञान संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत प्रा. मनमोहन शर्मा यांनी वायू-द्रव अभिक्रियांतील वस्तुमान-वहनाचा पद्धतशीर अभ्यास उभा केला. १९९० मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो निवडले गेले, तो मान मिळवणारे ते पहिले भारतीय अभियंता. शुद्ध रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने अभियंत्यांचा हा विषय परका मानू नये.

सहावी पायरी : खरे काम कोण करते?

बाटलीतून घातलेला पदार्थ आणि प्रत्यक्ष अभिक्रिया घडवणारा घटक एकच असेल असे गृहीत धरू नये. घन उत्प्रेरक असेल तर अभिक्रिया अर्ध्यावर असताना गरम असतानाच गाळून घ्यावी आणि गाळलेल्या द्रवात ती पुढे चालते का पाहावे. चालली तर धातू विरघळून द्रावणात उतरला आहे. न चालणे मात्र निर्णायक नाही, कारण विरघळलेला धातू गाळताना परत घनावर बसू शकतो. एका चाचणीवर निकाल देऊ नये.

विरघळणाऱ्या उत्प्रेरकांच्या बाबतीत शिकागोच्या जॅक हाल्पर्न यांचे काम प्रत्येक नवख्याने समजून घ्यावे. ऱ्होडिअम धातूच्या विल्किन्सन उत्प्रेरकाने अल्किनचे (कार्बन-कार्बन दुहेरी बंध असलेल्या संयुगाचे) हायड्रोजनीकरण होत असताना वर्णपटात जी संयुगे सहज दिसतात, ती मुख्य चक्रात नसतात, हे त्यांनी दाखवले. दादरच्या फलाटावर जी गर्दी दिसते ती गाडीत न चढलेल्यांची असते. ज्यांना गाडी मिळाली ते दिसतच नाहीत. चक्रात झपाट्याने पुढे सरकणारी संयुगे साठत नाहीत, आणि साठते ते बहुधा चक्राबाहेर विसावलेले असते. पुढे एकाच हस्तरूपाचे (डाव्या-उजव्या हातांसारख्या दोन आरशी प्रतिमांपैकी एकीचे) उत्पादित देणाऱ्या ऱ्होडिअम उत्प्रेरकांवर काम करताना हाल्पर्न यांना आढळले की द्रावणात विपुल असलेल्या संयुगापासून मुख्य उत्पादित बनतच नाही. ते बनते अत्यल्प असलेल्या, पण हायड्रोजनशी कितीतरी वेगाने अभिक्रिया करणाऱ्या दुसऱ्या संयुगापासून. म्हणून एखादे मध्यवर्ती संयुग हाती लागले की त्याचा स्फटिक काढून आनंद मानण्याआधी ते वेगळे घेऊन अभिक्रियेत घालावे आणि त्याचा दर निदान एकूण अभिक्रियेइतका आहे का, ते मोजावे. कमी असेल तर ते मार्गावर नाही.

सातवी पायरी : समस्थानिक

कार्बन-हायड्रोजन बंध सावकाश टप्प्यात तुटतो का, हे पाहण्यासाठी हायड्रोजनच्या जागी ड्युटेरिअम हा त्याचा जड समस्थानिक घालतात. बंध त्या टप्प्यात तुटत असेल तर सामान्य तापमानाला दर सहा-सात पटींपर्यंत घटू शकतो. इथे एक चूक फार होते. हायड्रोजनवाला आणि ड्युटेरिअमवाला असे दोन्ही पदार्थ एकाच भांड्यात घालून स्पर्धा लावली आणि हायड्रोजनवाला अधिक प्रमाणात संपला, तर एवढ्यावरून बंध तुटणे हाच सावकाश टप्पा ठरत नाही; कोणता रेणू निवडला जातो तो टप्पा सावकाश टप्प्यानंतरही असू शकतो. दोन वेगळ्या भांड्यांत दोन स्वतंत्र दर मोजावेत, मगच तसे म्हणावे.

आठवी पायरी : पृष्ठभागाचा अभ्यास आणि संगणक

फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये अमोनियाची निर्मिती करून दाखवली, १९१३ मध्ये जर्मनीतील ओपाऊ येथे कारखाना सुरू झाला, आणि तरी लोखंडावर नेमके काय घडते याचे विश्वासार्ह चित्र मिळायला अनेक दशके लागली. गेरहार्ड एर्ट्ल यांनी अतिनिर्वात पोकळीत लोखंडाच्या स्वच्छ स्फटिक-पृष्ठांवर एकेक टप्पा वेगळा काढून मोजला आणि नायट्रोजनचा रेणू पृष्ठभागावर तुटून त्याचे अणू होणे हाच सावकाश टप्पा असल्याचे दाखवले. २००७ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. नवख्याने यातून घ्यावी ती पद्धत : गुंतागुंतीच्या उत्प्रेरकाचा सर्वांत साधा, स्वच्छ नमुना तयार करायचा, आणि मग तिथले निष्कर्ष खऱ्या दाबाला व तापमानाला टिकतात का ते तपासायचे.

संगणकावर ऊर्जांचे गणित करणे आता सोपे झाले आहे आणि ते अवश्य करावे. फक्त पहिल्या पायरीतला घातांक विसरू नये. ३०० केल्व्हिनला मोलमागे ५.७ किलोजूलांची चूक म्हणजे दरात दहा पटींची चूक होते, आणि एवढी चूक नेहमीच्या गणनपद्धतींत सहज राहते. संगणकाने एखादा मार्ग शक्य आहे म्हटले, म्हणजे तोच घडतो असे नव्हे.

नववी पायरी : मुंबईत काम करताना

पवईच्या आयआयटीत प्रगत विश्लेषण उपकरणांची सुविधा बाहेरच्या संस्थांच्या नमुन्यांसाठीही खुली आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेणूंची रचना चुंबकीय क्षेत्रात पाहणाऱ्या उच्च क्षेत्राच्या एनएमआरची राष्ट्रीय सुविधा आहे. घन उत्प्रेरकातील धातूची अवस्था क्ष-किरण शोषणाने पाहायची असेल तर इंदूरच्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनपर्यंत (तीव्र क्ष-किरण देणाऱ्या त्वरकापर्यंत) जावे लागते. तिथल्या अनेक किरणवाहिन्या भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारल्या आहेत. अशा ठिकाणी वेळ मागताना विनंतीपत्रात 'नमुन्याचे गुणधर्म पाहणे' असे मोघम न लिहिता, कोणत्या दोन शक्यतांपैकी एक बाद करायची आहे ते लिहावे.

जून ते सप्टेंबर हवेतल्या ओलाव्याने कोरडी द्रावके बघता बघता ओली होतात. पाण्याला संवेदनशील उत्प्रेरकावर काम असेल तर या काळात प्रत्येक प्रयोगाआधी द्रावकातील पाणी कार्ल फिशर पद्धतीने मोजावे आणि तो आकडा दराशेजारीच वहीत लिहावा. पावसाळ्यातले आणि हिवाळ्यातले दर जुळले नाहीत तर कारण शोधायला तोच आकडा उपयोगी पडतो. प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या दुकानांतून रसायने आणताना प्रत्येक बाटलीचा गट क्रमांक (बॅच नंबर) नोंदवावा, आणि बाटली बदलली की आधीच्या बाटलीने केलेला एक प्रयोग नव्या बाटलीने पुन्हा करून दोन्ही दर एकाच पानावर मांडावेत.